सुविचारांतील प्रेरणा आणि जीवनबोध : एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांमध्ये दर्शनी भागी एक लहान फळा असतो. दररोज सकाळी एखादा विद्यार्थी त्यावर आदल्या दिवशीचे वाक्य पुसून नवे वाक्य लिहितो. परिपाठाच्या वेळी प्रतिज्ञा, प्रार्थना, बातम्या आणि दिनविशेष यांच्या जोडीने तेच वाक्य मोठ्याने वाचले जाते. त्यालाच 'सुविचार' म्हणतात. शाळा सुटली तरी सुविचार सुटत नाही. दिनदर्शिकेच्या पानावर, वसतिगृहाच्या भिंतीवर, कार्यालयातील टेबलाच्या काचेखाली, रिक्षाच्या पाठीवर आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सकाळच्या संदेशात तो माणसाला आयुष्यभर भेटत राहतो. इतक्या सातत्याने समोर येणाऱ्या या लेखनप्रकाराकडे अभ्यासकांचे लक्ष मात्र फारसे गेलेले नाही. 'चांगले ते चांगलेच' असे म्हणून तो एक तर स्वीकारला जातो, किंवा 'पोपटपंची' म्हणून बाजूला सारला जातो.

वस्तुतः दोन्ही भूमिका घाईच्या आहेत. एखाद्या वाक्याने खचलेल्या मनुष्यास उभे केल्याचे अनुभव समाजात विपुल आहेत. तेच वाक्य दुसऱ्या कोणास जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटल्याचे अनुभवही तितकेच आहेत. वाक्य एकच असता परिणाम भिन्न का होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वाक्याची प्रेरणाशक्ती केवळ त्याच्या शब्दांत साठवलेली नसते. ते कोण म्हणतो, कोणास म्हणतो, कोणत्या प्रसंगी म्हणतो आणि म्हटल्यानंतर काय करतो, यांवर ती अवलंबून असते, अशी मांडणी येथे करावयाची आहे.

वाक्य सुटे होण्याची परंपरा

सुविचाराचे पूर्वज म्हणजे संस्कृत सुभाषिते होत. सुभाषित हे स्वभावतःच 'सुटे' काव्य आहे. एका श्लोकात अर्थ पूर्ण होतो, म्हणून तो मूळ ग्रंथातून उचलून कोठेही नेता येतो. अशा श्लोकांचे संग्रह करण्याची पद्धती फार जुनी आहे. जगद्दल विहाराशी संबंधित असलेल्या विद्याकर या बौद्ध पंडिताचा 'सुभाषितरत्नकोश' हा या प्रकारातील प्राचीन संग्रहांपैकी एक होय. दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वा. वि. गोखले यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रकाशित केलेला 'सुभाषितरत्नभाण्डागार' तर महाराष्ट्रातील संस्कृत शिक्षकांच्या पिढ्यांनी हाताळला. भर्तृहरीची शतके वामन पंडितांनी सतराव्या शतकात मराठीत आणली, आणि त्यांतील कित्येक ओळी त्या कोणाच्या आहेत याची आठवणही न राहता मराठी बोलण्यात मिसळून गेल्या.

भर्तृहरीच्या बाबतीत कोसंबींनी केलेले काम सुविचारांच्या अभ्यासकास विशेष उपयुक्त आहे. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. निरनिराळ्या हस्तलिखितांत मिळून भर्तृहरीच्या नावावर आठशेहून अधिक श्लोक आढळतात. परंतु सर्व परंपरांना समान असे श्लोक सुमारे दोनशेच भरतात. उरलेले श्लोक कालांतराने त्या नावाभोवती गोळा झालेले आहेत. आज कोणतेही वाक्य स्वामी विवेकानंद अथवा डॉ. अब्दुल कलाम यांच्या छायाचित्राखाली छापले जाते, त्याबद्दल हळहळ व्यक्त केली जाते. ही खोड नवी नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे. वाक्यास वजन हवे असते, आणि वजन मोठ्या नावाकडून उसने घेतले जाते.

कोसंबी एवढ्यावर थांबले नाहीत. भर्तृहरीच्या वैराग्याची चिकित्सा करताना त्यांनी या श्लोकांमागे कोणता मनुष्य उभा आहे, असा प्रश्न उपस्थित केला. राजाश्रयावाचून विद्येला किंमत न येणाऱ्या, आश्रित आणि असंतुष्ट अशा सुशिक्षित वर्गाची व्यथा त्यांना या श्लोकांत दिसली. त्यांचे हे मत सर्वांना मान्य होईल असे नाही. मात्र कोणतेही सुभाषित हे कोणाच्या तरी परिस्थितीतून आलेले असते, ते आकाशातून पडलेले नसते, हा त्यातील मुद्दा निर्विवाद आहे.

वाघाच्या तोंडचे सुभाषित

सुभाषित सुटे झाले की त्याचा गैरवापर होऊ शकतो, याची जाण प्राचीन कथाकारांना आजच्या संग्राहकांपेक्षा अधिक होती. नारायण पंडिताच्या 'हितोपदेशा'ने शिक्षणात दीर्घकाळ स्थान मिळविले. त्याचे वैजनाथ पंडितांनी केलेले मराठी भाषांतर १८१५ मध्येच बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले होते. या ग्रंथाच्या पहिल्याच भागात सोन्याचे कंकण घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या वाघाची गोष्ट येते. हा वाघ स्नान करून, हातात दर्भ घेऊन तळ्याकाठी बसला आहे आणि वाटसरूला दानधर्माची वचने ऐकवीत आहे. वचने खरी आहेत, शास्त्राधार असलेली आहेत. वाटसरू त्यांवर भुलतो, कंकण घेण्यापूर्वी स्नानासाठी तळ्यात उतरतो, चिखलात रुततो आणि वाघाचे भक्ष्य होतो. सद्वचनाच्या सत्यतेवरून बोलणाऱ्याचा हेतू ठरत नाही, हा धडा एका सद्वचनांच्या ग्रंथानेच द्यावा, ही बाब लक्षणीय आहे.

ही गोष्ट कोण कोणास सांगतो, हेही पाहण्यासारखे आहे. निर्जन वनात तांदळाचे दाणे विखुरलेले पाहून कबुतरांना मोह होतो, तेव्हा त्यांचा राजा चित्रग्रीव त्यांना सावध करण्यासाठी ती सांगतो. त्यावर एक गर्विष्ठ कबूतर दुसरे वचन पुढे करते. वृद्धांचे ऐकावे ते संकटकाळी. प्रत्येक वेळी असाच विचार करीत बसले तर खाणेही बंद होईल, असा त्याचा आशय आहे. हे वचनही चुकीचे म्हणता येत नाही. थवा खाली उतरतो आणि जाळ्यात सापडतो. मग सर्वजण त्या कबुतराला दोष देऊ लागतात. चित्रग्रीव त्यांना थांबवितो. लहानांनी एकत्र येऊन केलेल्या कामाचे महत्त्व सांगणारे वचन उच्चारतो आणि सर्वांना जाळ्यासकट एकदम उडावयास सांगतो. कबुतरे जाळे घेऊन उडतात आणि हिरण्यक उंदराकडे जाऊन मोकळी होतात.

एका लहानशा कथाभागात येथे सद्वचनाचे चार उपयोग आले आहेत. वाघाचे वचन फसविते. राजाचे पहिले वचन योग्य असूनही ऐकले जात नाही. कबुतराचे वचन मोहाला युक्तिवाद पुरविते. शेवटचे वचन तेवढे तारते, कारण ते उच्चारणारा स्वतः त्याच जाळ्यात आहे, दोषारोप बाजूला ठेवून बोलत आहे, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच करावयाची कृती आहे. शालेय पुस्तकांत या कथेचे तात्पर्य 'एकीचे बळ' एवढेच उरते. सद्वचने पारखून घेण्याचा तिच्यातील पाठ गळून पडतो.

एका आवाहनाचा प्रवास

संदर्भ गळाल्याने आशय कसा बदलतो याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जागे होऊन, ध्येय गाठेपर्यंत न थांबण्याचे आवाहन होय. महाविद्यालयांच्या भिंतींवर ते विवेकानंदांच्या नावाने दिसते. त्याचा उगम कठोपनिषदात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वल्लीत आहे. तेथे यम नचिकेताला उपदेश करीत आहे. जागे झाल्यावर श्रेष्ठ जनांकडे जाऊन जाणून घ्यावे, असे तो सांगतो. आणि त्याच श्वासात, ही वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी दुर्गम असल्याचे ज्ञानी लोक म्हणतात, असेही बजावतो.

विवेकानंदांनी या मंत्राला जे रूप दिले, ते पारतंत्र्यातील निद्रिस्त समाजासाठी होते, आणि त्या काळाची ती गरज होती. त्यांचा अधिकार आणि त्यांचे कार्य त्या शब्दांच्या पाठीशी उभे होते. मात्र भिंतीवर येईपर्यंत त्यातून दोन गोष्टी निसटल्या: शिकविणाऱ्याकडे जाण्याची आवश्यकता आणि वाटेच्या कठीणपणाची कबुली. उरला तो न थांबण्याचा आदेश. मूळ वचन साधकाला सांगते की वाट अवघड आहे, म्हणून जाणत्याची मदत घे. भिंतीवरील वचन वाचणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र, थांबलास तर दोष तुझा, असेच ऐकू येण्याची शक्यता अधिक. पहिल्यात धीर आहे. दुसऱ्यात धाक डोकावतो.

म्हण आणि सुविचार

मराठीत सुविचाराच्या शेजारी म्हणींची स्वतंत्र परंपरा आहे. दोहोंची तुलना केली असता काही मजेदार भेद दिसून येतात. सुविचार बहुधा आज्ञार्थी असतो किंवा व्याख्या करतो. 'यश', 'ध्येय', 'जिद्द', 'संकट' अशी भाववाचक नामे त्यात गर्दी करतात. म्हणीत मात्र वस्तू असतात. थेंब असतो, तळे असते, माती, काडी, चिंध्या आणि गुडघ्याचे बाशिंग असते. म्हण सहसा कोणाला 'तू असे कर' म्हणत नाही. ती एक चित्र समोर ठेवते आणि लागू करावयाचे काम ऐकणाऱ्यावर सोपविते.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. म्हणी परस्परांना खोडून काढतात आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. 'बुडत्याला काडीचा आधार' आणि 'बुडत्याचा पाय खोलात' या दोन्ही म्हणी एकाच बुडणाऱ्या माणसाविषयी आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणणारी भाषाच 'दैव देते आणि कर्म नेते' असेही म्हणते. 'थेंबे थेंबे तळे साचे' हे सांगून झाल्यावर 'अति तेथे माती' ही सूचनाही ती देऊन ठेवते. यास विसंगती म्हणणे म्हणजे म्हणीचे काम न ओळखणे होय. म्हण हा सार्वत्रिक नियम नाही. ती प्रसंगाला दिलेले नाव आहे. कोणती म्हण केव्हा वापरावी हे कळण्यातच शहाणपण असते. खेड्यातील एखादी वृद्ध स्त्री शाळेत न जाताही नेमकी म्हण नेमक्या क्षणी योजते, तेव्हा ऐकणाऱ्याला धीर येतो किंवा तो वरमतो; कारण ती म्हण त्याच्यासाठी निवडलेली असते. फळ्यावरील सुविचार कोणासाठीच निवडलेला नसतो.

उपदेश करू पाहणाऱ्यांसाठीही मराठीने एक म्हण राखून ठेवली आहे: 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.' सुविचारांच्या संग्रहात ती क्वचितच आढळते.

मानसशास्त्राची साक्ष

या परंपरागत जाणिवेला आधुनिक प्रयोगांचा काही प्रमाणात दुजोरा मिळतो. मॅकग्लोन आणि तोफिगबख्श यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यमक असलेली वचने त्याच अर्थाच्या यमकहीन वाक्यांपेक्षा लोकांना अधिक खरी वाटतात, असे आढळले. शब्दांचा डौल आणि आशय यांत फरक करण्याची सूचना वाचकांना दिली असता हा प्रभाव ओसरला. नादमधुर ओळीपुढे मान डोलावण्यापूर्वी ती साध्या गद्यात म्हणून पाहावी, हा त्यातून निघणारा व्यावहारिक धडा कोणत्याही वर्गात सहज करून पाहण्यासारखा आहे.

जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात केलेला व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक चिंतनीय आहे. त्यात सहभागी व्यक्तींपैकी काहींना, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा आशयाचे वाक्य ठरावीक अंतराने मनाशी म्हणावयास सांगितले होते. ज्यांची स्वतःविषयीची भावना मुळात चांगली होती, त्यांना त्याचा अल्पसा लाभ झाला. ज्यांची ती दुबळी होती, त्यांची मनःस्थिती मात्र हे वाक्य न म्हणणाऱ्या तशाच व्यक्तींपेक्षा अधिक खालावली. ज्याला औषधाची गरज, त्यालाच ते बाधावे असा हा प्रकार आहे. मनाला न पटणारे चांगले वाक्य वारंवार म्हटल्याने मनात त्याचा प्रतिवादच बळावतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

याउलट पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली 'जर–तर' संकल्पाची कल्पना अधिक आशादायक ठरली आहे. 'मी नियमित अभ्यास करीन' या निश्चयापेक्षा 'रात्रीचे जेवण झाले की मी तासभर गणित सोडवीन' असा स्थळकाळाला बांधलेला संकल्प तडीस जाण्याची शक्यता अधिक असते. सुविचार आणि संकल्प यांतील अंतर येथे स्पष्ट होते. पहिला सर्वांचा असतो आणि म्हणून कोणाचाच नसतो. दुसऱ्याला कर्ता असतो, वेळ असते आणि जागा असते.

वाक्यामागची व्यवस्था

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात काही लहान वाक्यांनी लक्षावधी लोकांची आयुष्ये बदलली. ती का प्रभावी ठरली हे पाहिले असता वरील विवेचनास बळकटी मिळते.

नागपूर येथे १८ ते २० जुलै १९४२ या काळात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षण, चळवळ आणि संघटन यांचा त्रिसूत्री संदेश दिला. हे तीन शब्द ब्रिटनमधील समाजवादी चळवळीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच घोषवाक्य म्हणून रूढ होते. म्हणजे शब्द नवे नव्हते. नवे होते ते श्रोते आणि त्यांच्याशी बोलणाऱ्याचे नाते. त्याच परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, त्यामुळे संघटित होण्याचा उपदेश ऐकणाऱ्याला कोठे जाऊन संघटित व्हावयाचे हेही ठाऊक झाले. मराठीत हा संदेश 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असा रूढ झाला आणि इंग्रजी क्रमातील दुसरा व तिसरा शब्द यांची अदलाबदल झाली. या क्रमाविषयी कार्यकर्त्यांत आजही वाद होतात. एखाद्या वाक्यातील शब्दांच्या क्रमावरून लोक वाद घालतात, तेव्हा ते वाक्य जिवंत आहे असे समजावयास हरकत नाही. फळ्यावरील सुविचाराच्या शब्दक्रमावरून कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे 'कमवा आणि शिका' हे वाक्य तर अवघ्या तीन शब्दांचे आहे. ते नुसतेच उच्चारले असते तर गरीब मुलाला दिलेला तो एक कोरडा सल्ला ठरला असता. परंतु १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने आणि नंतर साताऱ्यातील वसतिगृहाने त्याला व्यवस्थेचे रूप दिले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहिली, श्रम करून शिकली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने मोडले. वाक्यामागे काम मिळण्याची सोय होती, ताटात भाकरी होती आणि सांगणाऱ्याच्या घरातील सोने गेलेले होते. पुढे विद्यापीठांनीही याच नावाने योजना राबविल्या. 'आधी पोटोबा मग विठोबा' या म्हणीतील व्यवहार भाऊरावांनी उपदेशाच्या आधी सांभाळला, असे म्हणता येईल.

संत गाडगेबाबांची पद्धतीही हीच होती. दिवसा खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनातही ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. स्वच्छतेचे वचन ऐकण्यापूर्वी श्रोत्याने स्वच्छ झालेला रस्ता पाहिलेला असे.

अभ्यासिकेची भिंत

या पार्श्वभूमीवर आजच्या तरुणांसमोरील सुविचारांकडे पाहणे आवश्यक ठरते. पुण्यातील सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी शेकडो अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आलेली शेतकरी आणि मजूर कुटुंबांतील मुलेमुली तेथे दिवसाचे दहा-बारा तास बसतात. समोरच्या भिंतीवर यशाविषयीची वाक्ये चिकटविलेली असतात, आणि 'थांबला तो संपला' हे त्यांपैकी फार लोकप्रिय आहे.

येथे थोडे अंकगणित मांडणे भाग आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते आणि अखेरीस शिफारस झाली १,०१६ उमेदवारांची. जिद्द दुप्पट झाली म्हणून जागा दुप्पट होत नाहीत. भिंतीवरील वाक्य मात्र यशाचा संबंध केवळ जिद्दीशी जोडते. त्यामुळे परीक्षेत न निवडला गेलेला विद्यार्थी आपल्या अपयशाचा अर्थ 'जागा कमी होत्या' असा न लावता 'आपण कमी पडलो' असा लावतो. चौथ्या-पाचव्या प्रयत्नानंतर परत गावी जाणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. भिंतीवरील वाक्य त्याला पराभव ठरविते. ज्याने घरी फोन करून 'आता दुसरे काही पाहतो' असे सांगावयाचे ठरविले आहे, त्याला त्या क्षणी अधिक धैर्य लागते. त्या धैर्यासाठी भिंतीवर वाक्य नसते.

याचा अर्थ भिंती कोऱ्या कराव्यात असा नव्हे. 'सबुरीचे फळ गोड' आणि 'अति तेथे माती' या दोन्ही म्हणी शेजारी शेजारी लावल्या, तर वाचणाऱ्याला आपल्या स्थितीचा विचार करून निवड करावी लागेल. अभ्यासिकेत बरोबर बसणाऱ्या, स्वतः तीनदा अपयश पचविलेल्या एखाद्या ज्येष्ठ मित्राने चहाच्या टपरीवर म्हटलेले साधे वाक्य छापील वाक्यापेक्षा अधिक धीर का देते, याचे उत्तर चित्रग्रीवाच्या कथेत आलेले आहे. तोही त्याच जाळ्यात असतो.

शालेय परिपाठातही एक छोटा बदल करून पाहता येण्यासारखा आहे. सुविचार वाचणाऱ्या विद्यार्थ्याने तो आपल्या घरच्या किंवा गावच्या एखाद्या प्रसंगाला जोडून सांगावा, आणि कोणत्या प्रसंगी तो लागू पडणार नाही हेही वर्गाने शोधावे. 'थेंबे थेंबे तळे साचे' हे वाक्य जुलै महिन्यात दापोलीच्या शाळेत लिहिले जाईल आणि एप्रिलमध्ये माण तालुक्यातील शाळेतही. माणमधील एखादी मुलगी विचारील की तळ्याला खालून भेग असली तर काय करावयाचे. मग गावातल्या बंधाऱ्याची गळती, तो बांधला त्या वर्षीचा दुष्काळ आणि टँकरच्या फेऱ्या यांवर वर्गात बोलणे सुरू होईल.